कारणाचा रकाना

अजमानच्या औद्योगिक भागात, टायरच्या दुकानाला लागून
आमचं टायपिंग सेंटर.
व्हिसा, भाडेकरार, मुलाच्या नावातली चूक,
मेलेल्या माणसाचा पासपोर्ट रद्द करणं:
सगळ्याला वीस दिरहम, झेरॉक्स वेगळी.
मदतीच्या अर्जालाही वीसच.
एकोणीस वर्षं मी हे वीस घेतो आहे.

आज हमीदा तिसेकर आली, हर्णैची.
पिशवीत कागद, पिशवीवरचं सुपरमार्केटचं नाव अर्धं पुसलेलं.
परांच्या बांधणारी नवऱ्याची कंपनी
परांच्यांसकट नाहीशी झाली.
सहा महिन्यांचा पगार कुठल्या मजल्यावर अडकलाय, कोण सांगणार.
"लिवा भाऊ," म्हणाली, "पण भीक वाटता नये."

अर्ज धर्मादाय संस्थेचा. रकाने आडपडदा ठेवत नाहीत.
माणसं किती? पाच.
खोल्या किती? एक,
तिच्यातही मधे चादर टांगून पलीकडे दुसरं बिऱ्हाड.
पगाराचा दाखला जोडा.
पगार नाही म्हणून तर अर्ज, मी पडद्याला म्हटलं.
पडदा म्हणाला, दाखल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.
कोरा कागद स्कॅन करून जोडला.
उघडलं.

गावी काही होतं का?
होतं. रेशनकार्डावर आता रेघ:
कुटुंब परदेशी, नावे कमी.
पुरवठा शाखेतले हसून म्हणाले म्हणे,
तुम्हाला कसले हो गहू, तुम्ही दिरहमवाले.
इथे ती बाहेरची, म्हणून नाही.
तिथे ती बाहेर गेलेली, म्हणून नाही.
मधे उरतो समुद्र,
त्यावर रास्त भावाचं दुकान नाही.

रमजानात पोतं आलं होतं, खोटं कशाला बोला.
तांदूळ, तेल, मसूर, खजूर,
दारात ठेवून गेले, नावही न विचारता.
त्या हातांना माझा नमस्कार.
पण ईद झाली, आणि बाराव्या दिवशी
डब्याच्या तळाला वाटी खणकन् लागली.
पोटाला काय चंद्र दिसावा लागतो?

खालच्या किराणा दुकानात मोइदीनच्या वहीत
तिचं पान पुरलं नाही, दुसरं चिकटवलंय.
सामानाला मधली मुलगी जाते,
कारण तिच्यावर कोणी खेकसत नाही.
ती दूध मागत नाही.
दुधाची किंमत विचारते,
रोज, न जाणो उतरली असली तर.

शेवटी तो रकाना: मदतीचे कारण.
मी लिहिलं, भूक.
तांबडी ओळ आली: किमान पन्नास अक्षरे आवश्यक.
बरं, तर घ्या.

साहेब, हा माणूस एकतिसाव्या मजल्यावर लोखंड बांधत होता.
जिथे बसून तुम्ही हे वाचताय
तिथल्या काचा बसेपर्यंत तिथे वाऱ्यात तोच उभा होता.
सणाचं पोतं नको. महिन्याचं काही द्या,
ठरलेल्या तारखेला, जसं भाडं तारखेला मागतात.
देताना फोटो नको.
दाखला मागू नका, तिचं पातेलं मागा,
उलटं करून बघा.

अक्षरं जास्त झाली.
'साहेब' खोडलं, मग मावलं.

तिने नोटा मोजून दिल्या, दोन पाचाच्या, बाकी चिल्लर.
मी घेतल्या.
दुकान माझं नाही, संध्याकाळी गल्ला मोजला जातो.

रात्री मोइदीनकडे गेलो, तिच्या पानावर
माझ्या खिशातले वीस लिहायला.
माझ्याआधी कोणी दहा जमा केले होते.
नाव नाही. नुसतं 'टायर'.

बरं वाटलं. मग वाटलं,
टायर काढून काळ्या झालेल्या बोटांवर
पाच पोटं किती दिवस टाकायची?
त्याचीही खोली आहे, चादरीच्या अलीकडे की पलीकडे,
मी कधी विचारलेलं नाही.

अर्जाचा क्रमांक मोबाईलवर आला आहे.
स्थिती: विचाराधीन.
मोइदीन म्हणाला, दूध पंचवीस फिल्सनी वाढतंय सोमवारपासून,
त्या पोरीला तूच सांग.