पाचवा खडा

रेल्वे ग्राउंडवर काथ्याची मॅट अंथरली
की पहिला खिळा सुपडूभाऊंनी ठोकायचा.
लोको शेडातला फिटर, बोटांना डिझेलचा वास,
पण दोरी ओलांडताना उजवा पाय आधी,
वाकून चिमूटभर माती कपाळाला.
पंच डिक्रूझसाहेब, मालगाडीचे गार्ड.
“गार्डाकडेच गार्ड मागतो,” भाऊ हसायचे
आणि टाचेने लेग स्टंपची रेघ कोरायचे.
साहेबांच्या खिशात तापीतले सहा खडे,
चेंडूगणिक एक, डावीकडून उजवीकडे.

मी पार्सल ऑफिसातला कारकून.
सामन्याला स्कोअरर, कानावर शिसपेन्सिल.

भुसावळात अजून सांगतात,
शेवभाजीत भाकर कुस्करता कुस्करता:
सुपडू भंगाळे पंचाच्या बोटासाठी कधी थांबला नाही.
कड लागली की बॅट काखेत,
हातमोजे सोडत निघालाच.
अपील करून घसा फोडणाऱ्या पोरांना
हीच गोष्ट सांगून दटावतात.
मीही मान डोलावतो.

एकदा थांबला होता.

रावेरशी ढालीचा सामना, पौषातली थंडी.
दोरीपलीकडे तुरकाठ्यांवर बामणोदची वांगी भाजत होती,
धूर थेट खेळपट्टीवर.
गोलंदाज पालचा सायबू तडवी, सोळा वर्षांचा,
दुसऱ्याचे बूट, पुढे चिंध्या कोंबलेले.
पाचवा चेंडू मॅटवरून उसळला.
टिक्.
यष्टिरक्षकाने हात वर केले, सायबू उडालाच,
आणि नेमकी तेव्हाच यार्डात इंजिनाने शिटी दिली.
साहेबांनी मान हलवली. खडा खिशात गेला.
भाऊ जागेवरच.
खाली बघून रेघ पुन्हा कोरत राहिले,
कोणी पुसली नव्हती तरी.

एकोणतीसवर होते, एकशेसात केल्या. ढाल आमची.
सायबू तडवी: चौदा षटकं, शून्य बळी.
त्या चेंडूचं टिंब मी एवढं दाबलं
की मागच्या पानावर उमटलं.

रात्री भाऊ दारात.
“मास्तर, तुमाले आयकू आलं का हो?”
“शिटी वाजली ना, भाऊ.”
बराच वेळ उंबऱ्याशी उभे राहिले.
भरिताचा डबा तसाच ठेवून गेले.

एकतीस वर्षांनी निवृत्तीचा सामना.
हिरवी मॅट, पंचाच्या हातात टिकटिक मोजणारं यंत्र.
डिक्रूझसाहेब केव्हाच गेले,
त्यांचे खडे माझ्या वहीवर, वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून.
भाऊंनी स्वतः पत्र धाडून बोलावलेला एक पाहुणा:
सायबू, पोट सुटलेला, जंगल खात्यात वनरक्षक.
त्याच्या हाती चेंडू.
चार चेंडू भाऊंनी नीट खेळले.
पाचवा बाहेरून गेला, बॅटपासून वीतभर लांब.
कोणी अपीलसुद्धा केलं नाही.
भाऊंनी बॅट काखेत घेतली.

लोक हसले. पंचाने “या परत” म्हणून हाक दिली.
सायबू चेंडू पँटीला घासत उभा,
घासण्यासारखी लकाकी त्यावर उरली नव्हती.
मी लिहिलं: झेल यष्टिरक्षक, गोलंदाज सायबू तडवी.
माझ्या वहीतली पहिली खोटी नोंद,
आणि सगळ्यात सुवाच्य.

भाऊ शेजारी बसून पॅडचे पट्टे सोडू लागले.
“आवाज मोठा झाला, नाही मास्तर?”
“हो भाऊ,” म्हटलं,
“आज शिटी नव्हती.”