साठच्या पुढे

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, वजनकाट्यामागच्या गल्लीत
आमचं बोअरिंगचं मशीन आहे.
पाटी गुजरातीत. दादांच्या वहीत
आकडे गुजराती, शिव्या मराठी.

सकाळी फिरोजने टेम्पोतून ब्लॉक उतरवला.
टॅक्सीचा. चार सिलिंडर, जन्म पेट्रोलचा,
पण आठ वर्षं गॅसवर पळवलेला,
वाल्वच्या सीटा जळून कोळसा.
चिंधी भिजवून मी नंबर पुसला.
अक्षरं वर आली, तशी ओळख पटली:
त्याच घराण्यातला.

थोरला हजारचा, कार्बोरेटरवर वाढलेला,
थंडीत चोक ओढल्याशिवाय तोंड न उघडणारा.
मग बाराशेचा. साचा तोच, भोक तेवढं रुंद.
तेराशेच्याला भोकही तेच, फक्त क्रॅंकचा हात लांब,
म्हणून पावागढच्या चढाला तो पुटपुटत नाही.
आणि हे अलीकडचे, इंजेक्शनवाले, सोळा वाल्वचे,
आपण यांच्यातलेच हे ज्यांना कबूल नाही.
पण वॉटर पंपाचे बोल्ट
सगळ्यांचे सगळ्यांना बसतात.
दादा म्हणायचे, नातं बोल्टात बघावं,
बॉनेटवरच्या नावात नाही.

एक, तीन, चार, दोन.
ठिणगी या क्रमानं पडते.
मला हे पाढ्यांच्या आधी पाठ.
बाईंनी वर्गात विचारलं, एकानंतर काय?
मी म्हटलं, तीन. सगळे हसले.
घरी सांगितलं तर दादा म्हणाले,
'बाईंच्या स्कूटरला एकच सिलिंडर असेल.'

गेज आत सोडलं.
तिसऱ्याच्या भिंतीवर काटा थरथरला.
वीस, चाळीस, साठ, सगळं आमच्याच हातचं.
वहीत आहे: पहिल्या दोन तारखा दादांच्या अक्षरात,
तिसरी माझ्या.
'हजी वीस काढ ने, बेन,' फिरोज म्हणाला.
साठच्या पुढे भिंत नाही रे,
पाणी आहे.

पुण्याची आतेबहीण मला हसते.
मी म्हणते, गाडी मूकून येते,
ती विचारते, मुकलीस? म्हणजे चुकली का गाडी?
ठेवून येते, बाई. ठेवून.
पणजोबांचे वडील इथे पागेत नालबंद म्हणून आले,
कुठल्या गावाहून, ते कोणी लिहिलं नाही.
पिढीमागे वीस थाऊ म्हणा.
जे घासलं गेलं त्याचा कीस
कुठल्या डब्यात असतो थोडाच.

मग स्लीव्ह.
ब्लॉक भट्टीत, स्लीव्हा बर्फात.
बर्फ गोळेवाल्या भीखाभाईकडून, अर्धी लादी,
तो दर वेळी विचारतो, कोणाचं लग्न?
आकसलेलं लोखंड तापलेल्या लोखंडात
एका दमात उतरतं. टक्.
त्यानंतर सांधा शोधून दाखवा.
आता मशीन लावलं, सावकाश, शंभरदा मोजत,
आणि साठ झालेला ब्लॉक
परक्या धातूची भिंत घेऊन
कंपनीतून निघाला त्या मापावर आला.

फिरोजने आत बोट फिरवलं. 'अरे, ओरखडे?'
असू दे. मीच ओढलेत, तिरके, एकमेकांना छेदून.
आरशासारख्या भिंतीवर तेल थांबत नाही,
पिस्टन कोरडा फिरतो, आठवड्यात चिकटतो.

गुरुवारी चालू केलं.
स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून ऐकलं.
एक, तीन, चार, दोन.
तिसरा किंचित मागे रेंगाळतोय असं वाटलं,
मग नाही वाटलं.
फिरोज पैसे मोजत होता, गुजरातीत, ओठांतल्या ओठांत.

वही काढली. तारीख टाकली, दादांसारखीच, गुजराती आकड्यांत.
माप: स्टँडर्ड.
आणि खाली, ज्या कोणी आधी प्लग आवळताना
हेडचे आटे मारून ठेवले होते,
त्याच्यासाठी एक ओळ,
शुद्ध मराठीत.