दारामागची खुंटी

त्या रात्री तितूर पायरी चढून घरात आली
तेव्हा ह्यांच्या हातात टीव्हीचा रिमोट होता,
माझ्या हातात झारा.
तसेच गच्चीवर पहाटेपर्यंत.
टीव्ही खाली, पाण्यात. कढई, तेल, सगळंच.
समोरच्या धाब्यावरून जुलेखाबी ओरडली,
"भजा तळी राहिनात का व ताई?"
आणि चाळीसगावात त्या अंधारात
आम्ही तिघं हसलो,
दात वाजत होते तरी.

म्हणून ही बॅग.
हर्षलची, सातवीतली. चेन गेलीय,
दोन सेफ्टी पिनांवर भागतं.
दारामागच्या खुंटीवर असते,
पाण्याच्या खुणेच्या हातभर वर.
भिंत दोनदा रंगवली,
खूण रंगातून वर येतेच.

आखाजी झाली, लेकी सासरी गेल्या,
की मी बॅग फरशीवर उपडी करते.
रेशनकार्ड, खरेदीखत, बँकेचं पुस्तक
पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी,
कांद्यासारखं.
ह्यांच्या साखरेच्या गोळ्या; तारीख उन्हात धरून वाचायची.
शिट्टी. काडेपेटी, मेण लावलेली.
पीठ नाही ठेवत, चूल कुठली मिळायला?
शेंगदाणे, गूळ, आणि बिबड्या,
ज्या कच्च्याही खाता येतात.
अंगणातल्या लिंबावरून झोक्याचा दोर सोडला
की तोच वेटोळं करून आत.
दोन्ही लेकी एकदम बसतात त्यावर,
म्हणजे आम्हालाही पेलेल.

हे म्हणतात, भोंगा वाजेल की.
मागे वाजला होता.
तुम्ही म्हणालात, कुणाची तरी वरात.

मोबाइल मेला तर म्हणून
वहीच्या पुठ्ठ्यावर नंबर लिहायला बसले.
दूधवाल्याचा पाठ होता.
धाकटीचा आठवेना.
पोटच्या पोरीचे दहा आकडे
भांडी घासता घासता पाठ केले,
अजून सात आणि चार उलटसुलट होतात.

मग बॅग खांद्याला लावून जिना.
बावीस पायऱ्या.
मागल्या साली अठराव्या पायरीला टेकले होते,
यंदा अकराव्या.
तिथेच बसून एकेक बाहेर काढायला लागले.
चादर? राहू दे. लग्नातला फोटो? बघू.
जुलेखाबी खालून बघत होती, वर आली,
पाण्याच्या दोन्ही बाटल्या उचलल्या,
"ह्या मन्हाकडे ऱ्हातीन," म्हणाली,
आणि तिच्या घराची किल्ली
माझ्या बॅगेच्या कप्प्यात टाकून गेली.
दोन्ही घरांत पाणी आलं तर कुणाची किल्ली कशाला,
हे तिनं विचारलं नाही. मीही नाही.

तळाशी काहीतरी टणक लागलं.
रिमोट.
टीव्ही कधीच भंगारात गेला, किलोवर.
हाका मारणार होते ह्यांना,
की हे ओझं कुणी भरलं.
मागचं झाकण सरकवलं:
सेल नवे होते.

टॉर्चला लावून बघितले. बसतात.
पुन्हा रिमोटात घातले,
आणि पिना लावल्या.