न चा ण

रंगाऱ्यानं न चा ण केला, तिथंच सगळं सुरू झालं.
पाटीवर हवं होतं : घानाचे जेवण, पार्सल मिळेल.
त्यानं लिहिलं : घाणाचे जेवण.
पहिल्याच सकाळी सातपूरच्या आमच्या गल्लीत
तीन माणसं कॅन घेऊन उभी,
शेंगदाणा तेल काय लिटर?
(दुसरा अर्थ निघतो तो कुणी तोंडावर काढला नाही.
माघारी काढला.)

इफुआला तेव्हा मराठी येत नव्हतं.
तिनं तिघांनाही चमचाभर भात चाखायला दिला,
टोमॅटोत लाल झालेला, तळाला जरासा लागलेला.
दोघं पाणी मागून निघून गेले.
तिसरे देवरे मास्तर.
ते अजून येतात. कॅन घेऊनच.

माझं दुकान भिंतीला भिंत लावून. मिरची कांडप.
तीस वर्षं शिंका विकते म्हणा ना.
मी तिला बेडगी दाखवली, तिनं ती लुगड्यासारखी
रंग बघून बाजूला ठेवली.
लवंगी दाताखाली धरली, डोळे मिटले,
दोन बोटं वर केली. दोन किलो.

संध्याकाळी त्र्यंबक रोडच्या कॉलेजातली पोरं येतात,
उंचच उंच, दारात वाकून,
आणि डबा हातात पडला की एकदम लहान होतात.
ती पिशवीला अशी गाठ मारते
की ती कुणालाच सुटत नाही, फाडावी लागते.

श्रावणात वरच्या आहेरबाईंनी अर्ज लिहिला.
सुकटीचा वास येतो. शिवाय रोज चार वाजता धपधप.
सहीला आणला माझ्याकडे.
माझ्याकडे, जिच्या डंक्यानं त्यांची पोरगी
दहावीत गणितात गेली असं त्या म्हणतात.

सहीआधी बघावं तरी, म्हणून गेले.
मोरीशेजारी बाभळीचं उखळ.
भाचा, क्वेसी, उभ्यानं मुसळ घालतोय
उकडलेल्या कंदावर, ज्याचा आपण साबुदाणा करतो त्याच.
ती खाली बसलेली, हात ओला,
दोन घावांच्या मधे गोळा फिरवतेय.
हाताकडे ती बघत नव्हती. तोही नव्हता.

मशीनमध्ये हात घालायचा नाही
हे मी एका नखाच्या बदल्यात शिकलेय.
तरी म्हटलं, सरक.

पहिल्या घावाला हात पार मोरीपर्यंत मागे गेला.
पोरगं हसलं.
मग त्याचा श्वास ऐकू यायला लागला,
घाव पडायच्या आधी येतो तो.
मशीनला तो नसतो.

त्या दिवशी गोळा जेवले.
चावायचं नाही, गिळायचं, असं तिनं गळ्यावर बोट फिरवून सांगितलं.
सोबत शेंगदाण्याची आमटी. एकादशीला भगरीवर घेतो
तशीच दाट, फक्त हिच्यात कोंबडी होती,
आणि सुदैवानं एकादशी काल झाली होती.

तिच्याकडे नाव वारावरून पडतं.
शुक्रवारची म्हणून इफुआ. क्वेसी रविवारचा.
तुझा वार?
दाखल्यावर एक जून आहे, गुरुजींनी टाकलेला.
आई एवढंच सांगायची, बाजार उठला अन् तू झालीस.
आमच्या गावचा बाजार बुधवारी.
एकुआ, ती म्हणाली, जशी पिशवीला गाठ मारते तसं.
अठ्ठावन्नाव्या वर्षी मला वार मिळाला.

पाटी तशीच आहे. एक अक्षर खोडायला
रंगारी चारशे मागतो.
देवरे मास्तर शनिवारी येतात,
ती नरसाळं लावून कॅनमध्ये आमटी ओतते, दोन लिटर.
काय आणलंत, सून दारातच विचारते.
शेंगदाण्याचंच, मास्तर सांगतात.

अर्ज माझ्या गल्ल्यात आहे, पाणी लागून शाई फुटलेली.
आहेरबाई जिना उतरताना विचारतात, झाली का सही?
वाचतेय, म्हणते मी.
अजून वाचतेय.