वेळेचा रकाना

दिवसातून चार वेळा मी दारोदार जाते, लाळ मागत.
जाग आल्याबरोबर, दुपारी, दिवेलागणीला, निजताना.
दिवेलागण हा शब्द इथं नुसता सवयीचा;
खाडीपलीकडे तेलकंपनीचा जाळ
माझ्या जन्माआधीपासून पेटलेला,
आणि कोंबडे आरवतात मनाला येईल तेव्हा.

इबिनाबो नळीत थुंकते, हसते,
"एवढंच न्यायचं उरलं होतं."
तिच्या पत्र्यावरून गळतं ते पाणी काळं,
शिंपल्यांच्या चिखलावर तेलाची साय.
नवरा भिंतीकडे तोंड करून खोकतो
रात्रभर,
म्हणजे घड्याळ जिला रात्र म्हणतं ती.

पोर्ट हार्कोर्टच्या प्रयोगशाळेत मला शिकवलं :
कॉर्टिसोल पहाटे चढतं, भरतीसारखं,
माणसाला उठवून बसवतं,
अंधार पडला की ओसरतं.
आमच्या आलेखांत ओहोटी नाही.
काहींच्या भरतीही नाही, सपाट रेघ,
विस्तवावर विसरलेलं पातेलं आटावं तशी.
उजेडानं की धुरानं, मी विचारलं.
डॉक्टर ओनुओहा म्हणाले,
"दोन्ही एकाच नळातून येतं ना?"

मागच्या महिन्यात जाळ विझला.
कुणी म्हणे झडप बिघडली, कुणी म्हणे संप.
घरघर थांबली तसं अख्खं गाव दचकून उठलं.
ओरीबोचा धाकटा ओरडला,
"माझे डोळे गेले!"
बाया अंगणात, एकमेकींचे हात चाचपत;
जाळाशेजारी वाळत घातलेला कसावा तसाच ओला.
वर काहीतरी सांडलं होतं, पिठासारखं.
त्याला तारे म्हणतात हे ठाऊक होतं, तरी
म्हाताऱ्या टोम्बोनं एकेक नाव घेऊन दाखवेपर्यंत
कुणी मान वर केली नाही.

त्या रात्रीच्या नळ्यांत सगळ्यात जास्त निघालं.
अंधारालाच भ्यायलो आम्ही.

तिसऱ्या रात्री मात्र इबिनाबोनं दार उघडलं नाही.
मी ठोठावलं. मग हात आवरला.
आत दोन माणसांचे श्वास,
खोकला नाही.

नळी रिकामीच परत आणली.
चिठ्ठीवर वेळेचा रकाना होता,
तिथं घड्याळ न बघता लिहिलं : रात्र.

चौथ्या दिवशी जाळ पुन्हा पेटला,
कसावा एका दुपारीत वाळला,
आणि ओनुओहा चष्मा पुसत विचारतात,
ही कुठली वेळ?