जोडणी

पहाटे चार दहाला उमरखाडीचा व्हॉल्व्ह.
साडेसहा आटे, डावीकडे.
तेवीस वर्षं हाताला पाठ आहे.
पाय मात्र गेल्या दिवाळीपासून विसरायला लागले.

आधी तळवे. चपलेत वाळू गेल्यासारखे.
मग एकदा चप्पलच मागे राहिली
आणि मी खांद्यावर चावी टाकून दोन गल्ल्या पुढे,
पत्ताच नाही.
दूधवाल्याने आणून दिली. म्हणाला,
चावीवाले, आज कसला नवस?

गादी सरकलीय, सगळे म्हणाले.
पट्टा बांधला, वजनं लटकवली.
माझगावच्या हाडवैद्याने तेल चोळून साडेतीनशे घेतले.
भायखळ्याला पाठीत इंजेक्शन दिलं,
त्या रात्री कमरेखाली मी नव्हतोच.
लघवी अडली तेव्हा प्रमिला रडली नाही,
कपाटातून पासबुक काढलं.

परळच्या इस्पितळात डॉक्टर दस्तूर, पोरगीच,
तिने विचारलं, चालल्यावर वाढतं? बसल्यावर उतरतं?
चौदा महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं.
केसपेपरच्या पाठीवर तिने मणका काढला.
ही रोहिणी, ही नीला
(शाळेत ही नावं मला वर्गातल्या मुलींची वाटायची),
मधे केसाएवढ्या नळ्या हव्यात, दाब उतरवायला.
इथे त्या नाहीत. सरळ जोड.
नीला तुंबलीय, मज्जारज्जू भिजत पडलाय.

म्हणजे बाई, मेनवरून थेट टॅपिंग.
ती थांबली. हो, अगदी तेच.
मग मीच सांगत सुटलो:
नळबाजारात एकाने अठरा इंचीवरून
पाऊण इंची जोडणी घेतली होती चोरून.
वर्षभर जोतं आतून भिजलं
आणि एका दुपारी जिना बसला.
पाणी आलं नाही की लोक घागरी घेऊन चौकीवर येतात,
जास्त आलेलं कोणी सांगत नाही.

पण तिथे प्लंबर सापडला होता. पंचनामा झाला होता.
इथे कुणी घेतली?
कुणीच नाही, ती म्हणाली. होते कधी कधी.

जांघेतून तार घातली. मी जागा.
श्वास धरा, म्हणाले. अंगातून ऊन वाहिलं
आणि पडद्यावर माझी लाइन उमटली, काळी,
तिच्या कडेला ते वेटोळं,
उंदराने उसवलेल्या लोकरीसारखं.
सातव्या मणक्यापाशी. डावीकडेच.
मला हसू आलं, तंत्रज्ञ ओरडला, हलू नका.

दुसऱ्या दिवशी झोपवून गोंद सोडला.
थेंबभर, म्हणे.
बंद झाली?
झाली. पण भिजलेलं किती सुकेल, ते आज नाही सांगता येत.

उजवा पाय आता कामावर रुजू आहे.
डावा मस्टरवर सही करतो आणि निघून जातो.
मी चौकीत रजिस्टर भरतो.
चावी वामन पाडेकरकडे, बावीस वर्षांचं पोरगं,
झोपेत असतं.

आमचं घर त्याच लाइनीवर.
चार दहाला मोरीच्या पाइपाला हात लावून बसतो.
आधी हवा येते, म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखी,
मग पाणी.
सहाच फिरवले यानं, मी म्हणतो, अर्धा आटा कमी आहे.
प्रमिला म्हणते, अंगठा हलवा.
हलवतो.
हलला की नाही, ते बघितल्याशिवाय मला कळत नाही,
म्हणून ती उठून दिवा लावते.