टोकन २१२

सकाळची पहिली फेरीबोट, मग राजवाडा.
पहारा बदलताना पाहिला, अर्धाच,
कारण पुढे जहाज होतं:
पहिल्याच सफरीत, किनारा दिसत असताना बुडालेलं.
आता कोरडं, काळं, चार मजले उंच.
घड्याळ बघत मी तीन मजले उरकले.

खाली कोट सांभाळणारी गुनवोर म्हणाली,
"एकोणीस वर्षं झाली.
लोक वर जातात बुडालेलं जहाज बघायला,
पाणी गळतं ते माझ्याकडे."

मग जुन्या गल्ल्या, उभ्या उभ्या दालचिनीचा पाव,
आणखी दोन संग्रहालयं,
एक बहुधा टपालाचं.

तीन वाजताच स्टॉकहोम अंधारलं.
ट्राममध्ये खिशात हात घातला तर
पितळी टोकन.
कोट तर अंगावर होता.
मफलर तिथेच, खुंटीवर,
टपटपत असेल अजून
कुलूप लागलेल्या जहाजाखाली.